काकूचा मार्कर

माझे मोठे काका गेली बावीस वर्षं समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांना लागणारं सामान विकतात आणि त्यांना पोहता येत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच सांगून टाकलेल्या बऱ्या, कारण पहिली ते आपणहून सांगतात आणि दुसरी कुणी काढली की डाव्या कानाकडे बोट दाखवतात. लहानपणी त्या कानाला काहीतरी झालं होतं म्हणे. मी त्यांना एकदा ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आत दिवा मारून पाहिला आणि कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. तेव्हापासून त्या डॉक्टरला काही कळत नाही असं काका भेटेल त्याला सांगतात. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. तोंडावरून एकसारखं पाणी वाहायला लागलं की काकांचा जीव घाबरा होतो. अंघोळही ते मान मागे टाकून, तांब्या तांब्याने, डोळे उघडे ठेवून करतात.

मी शाळेत भूगोल शिकवते. शाळा काकांच्या घरापासून दहा मिनिटांवर असल्यामुळे मी त्यांच्याकडेच राहते. मला माणसांवर चटकन राग येतो आणि काकांवर जरा जास्तच चटकन येतो, हेही आधीच सांगून ठेवते.

त्यांचं दुकान म्हणजे बंदराच्या रस्त्यावरच्या डायव्हिंग सेंटरचा पुढचा भाग. मागे शिकवणी चालते, पुढे काकांचा लाकडी काउंटर. भिंतीला खिळ्यांवर काळे रबरी सूट टांगलेले, त्यांच्या वासाने नवीन माणूस शिंकतोच. कोपऱ्यात एक टब, त्यात साबणाचं पाणी, कुठून हवा गळते ते शोधायला. आणि काउंटरच्या मागे, खिडकीपाशी, काकांचं शिवणयंत्र. पट्टे, खिसे, फाटलेल्या पिशव्या सगळं ते स्वतः शिवतात. त्यांचा टाका दुहेरी दोऱ्याचा, तीन वेळा फिरवलेला. कापड फाटेल, पण टाका उसवायचा नाही.

पण काकांचा खरा जीव आहे तो मार्करवर. पाणबुडा खाली असतो तेव्हा वरच्या बोटींना तो दिसत नाही, आणि बोटीचा पंखा काही कुणाला विचारून फिरत नाही. म्हणून वर येण्याआधी त्याने खालूनच एक लांबट फुगा वर सोडायचा असतो. जाड नायलॉनची नारिंगी नळी, तिच्या टोकाला दोरी आणि दोरीचं रीळ पाणबुड्याच्या हातात. त्याने खालून दोरी ताणून धरली की फुगा पाण्यावर ताठ उभा राहतो आणि बोटवाल्याला कळतं, इथे खाली माणूस आहे. काका त्याला मार्कर म्हणतात. बाकीचे फुगा म्हणतात, आणि काकांना फुगेकाका. कुणी तोंडावर तसं म्हटलं तर काका त्या दिवशी त्याला काहीच विकत नाहीत.

मार्कर विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला काका आधी तीन प्रश्न विचारतात. जिथे उतरणार तिथे पाणी किती ओढतं? बोटी किती फिरतात? आणि तुम्हाला हात किती? तिसऱ्या प्रश्नावर गिऱ्हाईक हसतं. मग काका हिशेब मांडतात. एका हातात तुमचा कॅमेरा, दुसऱ्यात दिवा, मार्कर काय दातांत धरणार? दात तर नळी चावण्यात गुंतलेले. एका माणसाने या प्रश्नानंतर कॅमेराच विकून टाकला, असं काका सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण काकांच्या बोलण्याला तोंड देता देता माणूस काहीही विकेल हे मला पटतं.

प्रश्न झाले की रस्ता. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला नसता तर मीही विश्वास ठेवला नसता. काका गिऱ्हाइकाला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, औषधांच्या दुकानापाशी उभं करतात. आपण इकडे रस्त्यात उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागे उकिडवे बसतात, कारण गाडी म्हणजे लाट. आणि गाडीमागून एकेक मार्कर वर करतात. आधी हातभर लांबीचा. तिकडून माणूस हात हलवून नाही म्हणतो. मग कमरेएवढा, मग छातीएवढा, मग पुरुषभर उंचीचा. ज्या लांबीला तिकडून हात वर होतो ती लांबी त्या माणसाची. खिशात मावतो म्हणून छोटा घेणाऱ्यांचा काकांना मनापासून संताप येतो. मग रंग. नारिंगीच घ्या, पिवळा वेगळा ठेवा, तो अडचणीत सापडल्याची खूण म्हणून. मग तोंड. उघड्या तोंडाचा भरायला सोपा, पण वर आल्यावर कलंडला की सगळी हवा सांडून बसतो. त्यापेक्षा झडपेचा घ्या. रीळ साधं घ्या, जितके खटके जास्त तितकी अडकायची जागा जास्त. आणि शेवटी, पिशवी हातात देताना, एकच वाक्य, बावीस वर्षं न बदललेलं.

"रीळ हातात धरायचं, अंगाला कधीच अडकवायचं नाही. दोरी अडकली की सोडून द्यायची."

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं? कुणीच नाही. पाणबुडे परत आले की त्यांना बाकावर बसवून, चहा पाजून, खोदून खोदून विचारत काका शिकले. आज गावातले जुनेजाणते पाणबुडेही अडलं की त्यांच्याकडेच येतात. घोट्याच्या वर समुद्रात न गेलेला माणूस त्यांना समुद्रात काय करायचं ते सांगतो आणि ते माना डोलावतात.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सेंटरच्या मास्तरणीने, म्हणजे जिचं ते सेंटर आहे आणि जी तिथे शिकवते त्या बाईने, दुकानातल्या माणसांच्या घरच्यांना शिकवणी फुकट द्यायचं ठरवलं. काका घरी येऊन मोठ्या उत्साहाने म्हणाले की घरातल्या कुणालाही शिकता येईल. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वह्या तपासत होते, मी मान वर केली नाही. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मी येते."

काकू छप्पन्न वर्षांची. कोर्टात तीस वर्षं टायपिस्ट होती, मागच्याच वर्षी निवृत्त झाली. उंचीने माझ्या खांद्याएवढी, वजन अठ्ठेचाळीस किलो, तेही चष्म्यासकट. तिच्या हातून कागदावर कधी एक अक्षर चुकलं नाही, पण बाकी सगळं हरवतं. चष्मा, छत्र्या, किल्ल्या. एकदा तर बसमध्ये एक चप्पल विसरून आली होती, ती कशी हे तिलाही सांगता आलं नाही. पोहायला मात्र ती लहानपणापासून उत्तम पोहते. लग्नानंतर पोहली नाही, कारण काठावर उभे राहून काका इतके हाका मारायचे की लोक जमायचे.

काकांना वाटलं डॉक्टर नाही म्हणतील. डॉक्टर म्हणाले, यांचं हृदय तुमच्यापेक्षा बरं आहे. काकांना वाटलं मास्तरीण नाही म्हणेल. मास्तरीण म्हणाली, मला असेच विद्यार्थी हवेत, सांगितलं ते आणि तेवढंच करणारे. दोन्हीकडून हात टेकल्यावर काका घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, बरं, मग हिला मार्कर लागेल.

पुढचे पाच आठवडे आमच्या घरात मार्कर निवडला जात होता.

जो माणूस परक्याला अर्ध्या तासात मार्कर देऊन वाटेला लावतो, तो स्वतःच्या बायकोसाठी रोज संध्याकाळी एक नवा घेऊन यायचा आणि सकाळी परत न्यायचा. पुरुषभर उंचीचा आणला, तो पडद्याच्या दांडीला टांगला, आणि मग काकांना वाटलं, एवढा मोठा फुगा एवढ्याशा बाईला ओढूनच वर नेईल. तो गेला. कमरेएवढा आणला, मला औषधांच्या दुकानापाशी उभं केलं, मला तो लख्ख दिसला. काका म्हणाले, तुझे डोळे तरुण आहेत, तुझं काय. तोही गेला. एका रविवारी काकू स्वतःच रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि काका गाडीमागे बसले. गाडीचा मालक आला, गाडी घेऊन निघून गेला, आणि काका भर रस्त्यात उकिडवे, दोन्ही हातांत उंच धरलेला फुगा, असे सगळ्यांना दिसले. त्या दिवशी छातीएवढी लांबी पक्की झाली. मला वाटतं ती शरमेने पक्की झाली.

मग सराव. आमची इमारत चार मजल्यांची आणि जिन्याच्या मधोमध मोकळी जागा आहे. काकू तळमजल्यावर बोटात रीळ घालून उभी राहायची. काका चौथ्या मजल्यावरून मार्कर भराभर वर ओढायचे, म्हणजे रीळ कसं फिरतं ते तिला हाताला कळावं. मध्येच ते दोरी दाबून धरायचे आणि ओरडायचे, अडकलं, सोड. पहिल्यांदा काकूने सोडलं नाही. तिला वाटलं, सोडलं तर हरवेल. बोटाला लाल वळ उठला आणि काका चार मजले धावत खाली आले. तो वळ बघून त्यांनी तिला जे सुनावलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी दार उघडून ऐकलं. त्यानंतर मात्र 'सोड' म्हटलं की काकू सोडायचीच. एकदा रीळ उसळून वर गेलं ते वकिलांच्या भाजीच्या पिशवीत. वकील सज्जन, म्हणाले, पुरावा म्हणून ठेवतो.

इथपर्यंत मी मजेत होते. मला या सगळ्याचा राग आला तो एका सुट्टीच्या दुपारी. काकू झोपली होती. मी पाणी प्यायला उठले तर काका दुकानातून घरी आणलेल्या छोट्या यंत्रावर काहीतरी शिवत होते. जवळ जाऊन पाहिलं तर काकूचं रीळ. त्याला त्यांनी वीतभर पट्टा शिवला होता आणि पट्ट्याच्या टोकाला एक आकडी. आकडी कशाला ते मला लगेच कळलं. काकूच्या हवेच्या जाकिटाला छातीपाशी एक कडी होती.

मी म्हटलं, काका, अंगाला कधीच अडकवायचं नाही ना?

काका मान वर न करता म्हणाले, ते ज्यांच्या हातून वस्तू हरवत नाहीत त्यांच्यासाठी.

मी म्हटलं, मग काकूला सांगा तरी. ते म्हणाले, तिला सांगितलं तर ती काढेल. मग त्यांनी यंत्र थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर जन्मात न ओरडलेला माणूस मला विनवत होता. म्हणाले, "तिच्या हातून रीळ सुटलं तर ती कुठे आहे हे मला कसं कळणार? तू गप्प बस, बाळा."

आणि मी गप्प बसले. भूगोल शिकवणारी, वर्गात चाळीस पोरांना प्रवाह आणि भरती समजावणारी बाई, एका म्हाताऱ्याने बाळा म्हटलं म्हणून गप्प बसली. मला वाटलं, बावीस वर्षांचा त्यांचा अनुभव, त्यांना माझ्यापेक्षा कळत असेल. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे मला भांडायचा कंटाळा आला होता.

काकूच्या परीक्षेच्या दिवशी काका बोटीवर यायचं म्हणाले तेव्हा आम्ही सगळेच चाट पडलो. ते अंगात तरंगणारं जाकीट घालूनच घरातून निघाले. जिन्यात वकील भेटले, त्यांनी काही विचारलं नाही. बोटीत चढताना बोटवाल्याने एक हात धरला, मी दुसरा, आणि तरी काका मध्ये एक पाय हवेत ठेवून बराच वेळ विचार करत होते. शेवटी बसले ते पुढच्या टोकाला, दोन्ही हातांनी कठडा धरून, आणि बोट हलली तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलत गेला.

बोटीत आम्ही सहाजण होतो. काका, मी, बोटवाला, मास्तरीण आणि तिचे दोन विद्यार्थी, म्हणजे काकू आणि एक दातांचा डॉक्टर. डॉक्टर तरुण, धिप्पाड, आणि भीतीने पांढरा पडलेला. काकू त्याला धीर देत होती. काळ्या रबरी सुटात ती एवढीशी दिसत होती, आणि मला आजवर कधी दिसली नव्हती इतकी खूश दिसत होती. चष्मा तिने माझ्याकडे दिला होता. मुखवट्याला नंबराच्या काचा काकांनीच बसवून घेतल्या होत्या. काकांनी स्वतः तिच्या जाकिटाच्या कडीत ती आकडी अडकवली. पट्टा बाजूच्या खिशाखाली दुमडून ठेवला, वरून थोपटलं, आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

तिघं बोटीच्या कडेवर बसले आणि मागच्या मागे पाण्यात पडले. काकूने पडताना एक हात मुखवट्यावर धरला होता, अगदी शिकवल्यासारखा. थोडा वेळ बुडबुडे दिसले, मग तेही दूर गेले.

पुढचा अर्धा तास काकांनी मला सहा वेळा वेळ विचारली. उलटी त्यांना एकदाच झाली, पण ती करतानाही नजर पाण्यावरच होती. ठरलेलं असं होतं की परत येताना पाच मीटरवर थांबायचं, तिथून काकूने आपला मार्कर सोडायचा आणि तीन मिनिटांनी सगळ्यांनी वर यायचं. छत्तिसाव्या मिनिटाला बोटीच्या पुढे, बऱ्याच अंतरावर, पाण्यातून नारिंगी फुगा उसळून वर आला.

"आला फुगा," बोटवाला म्हणाला, आणि शिडी खाली सोडायला मागच्या टोकाला निघून गेला. मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवली.

काका उभे राहिले. बोटीत पहिल्यांदाच त्यांनी कठडा सोडला होता.

"आडवा आहे," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मी म्हटलं, आडवा तर आडवा, आला ना वर. काका म्हणाले, खालून कुणी धरला असेल तर तो उभा राहतो. आडवा पडला म्हणजे त्याला कुणी धरलेलं नाही. फुगा खरंच पाण्यावर लोळत होता, प्रत्येक लाटेबरोबर थोडा थोडा आमच्यापासून लांब जात होता.

मी म्हटलं, मग सुटला असेल तिच्या हातून. आणि बोलता बोलताच माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातून सुटला तरी तो जाऊ शकत नव्हता. तो तिला बांधलेला होता. तीन वेळा फिरवलेला दुहेरी टाका होता तो, आणि काकांचा टाका उसवत नाही. मग जाकिटाचं आणि तिचं काय झालं?

काका माझ्याशी बोलत नव्हते, पण मोठ्याने बोलत होते. "मी तिला बांधलं होतं. अंगाला अडकवायचं नाही हे मी सगळ्या जगाला सांगतो, आणि मी तिला बांधलं. तिला सांगितलंसुद्धा नाही." मग त्यांनी वाकून एक पाय कठड्यावर टाकला. मी त्यांच्या जाकिटाचा पट्टा मागून घट्ट धरला. साठी उलटलेला, पोहता न येणारा माणूस पाण्यात उडी मारायला निघाला होता, आणि मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी भीती वाटत होती की मी नुसतीच ओढत राहिले. मीही गप्प बसले होते. तेवढंच डोक्यात फिरत होतं. काकूला एक शब्द सांगायचा होता आणि मी पाणी पिऊन परत झोपले होते.

"अहो."

आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.

"अहो, मी इकडे आहे."

आवाज मागून आला. बोटीच्या मागच्या बाजूला, शिडीपासून दोन हातांवर, मुखवटा गळ्यात सरकवून काकू तरंगत होती. तिच्या शेजारी मास्तरणीचा मार्कर, आणि त्याच्या पलीकडे दातांचा डॉक्टर, जिवंत असल्याच्या आश्चर्यात. बोटवाला शिडी धरून उभा होता. तो नंतर म्हणाला की त्याने आम्हाला दोनदा हाक मारली आणि काकूने चारदा. आम्ही दोघं तिच्याकडे पाठ करून सुटलेल्या फुग्याकडे बघत होतो.

काका वळले. इतकं सगळं झाल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं काय निघावं?

"रीळ का सोडलंस?"

"अडकलं," काकू म्हणाली. "अडकलं की सोडायचं. तुम्हीच जिन्यात घोकून घेतलंत."

काका होते तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. तोंड न झाकता, लहान मुलासारखे. काकूला शिडीवरून वर यायला वेळ लागला, पाठीवर टाकी, पायात वल्ह्यांसारखे ते रबरी पाय, आणि ते काढायला वाकलं की तोल जायचा. तोवर काका रडतच होते. मीही रडत होते, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग हळूहळू उलगडा झाला. काकूला तो पट्टा आदल्याच दिवशी, पिशवी भरताना दिसला होता. बघताक्षणी तिला कळलं कुणी शिवला ते. काकांनी शिवलेले उशांचे अभ्रे ती तीस वर्षं पाहते आहे. पाण्यात पडल्यावर तिने पहिलं काम केलं ते आकडी सोडवायचं. पट्टा मात्र रिळाला तसाच लोंबत राहिला, आणि खाली मार्कर सोडल्यावर तोच दोरीत गुंडाळला गेला. रीळ जागच्या जागी थांबलं. हातात होतं, तिने सोडून दिलं. मग मास्तरणीने आपला मार्कर सोडला आणि दोघांना पोहत शिडीकडे आणलं.

"मग कालच बोलली का नाहीस मला?" काकांनी नाक पुसत विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही दुसरीकडे कुठेतरी शिवून ठेवला असता."

ते खरं होतं. मास्तरणीला मात्र हसू आलं नाही. तिने बोटवाल्याकडून तो फुगा आणि रीळ आणवलं, पट्टा काकांच्या पुढे धरला. आकडी कडीत असती तर अडकलेल्या दोरीने काकूला पाच मीटरवरून खेचत वर आणलं असतं, श्वास सोडायलाही सवड मिळाली नसती, आणि वर पंखे फिरत असते, असं तिने शांतपणे सांगितलं. "आणि काका, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी पहिला मार्कर तुमच्याकडून घेतला तेव्हा." काका पट्ट्याकडे बघत राहिले. एवढा लहान झालेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि तरी मला त्यांची दया आली नाही. ती जिवंत वर आली होती म्हणून मला आता निवांत रागावता येत होतं.

परीक्षेत दोन बुड्या होत्या. हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. एक तास गेल्यावर मास्तरीण टाक्या बदलायला लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी काकूकडे पाहिलं. काकू केस पुन्हा बांधत होती. तिला नको म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, हे मी शपथेवर सांगते, आणि ते तसंच मिटलं. मग त्यांनी बोटवाल्याकडे सुरी मागितली.

आपला टाका कापायला काकांना दहा मिनिटं लागली. दुहेरी दोरा, तीन फेरे, त्यात ओला. सुरी मासे कापायची, बोथट. टाकी पाठीवर चढवून काकू बोटीच्या कडेवर बसलेली, डॉक्टर तिच्या शेजारी, मास्तरीण घड्याळ बघते आहे, आणि काका जिभेचं टोक बाहेर काढून एकेक धागा उचलताहेत. बोटवाला म्हणाला, द्या इकडे, मी करतो. काका म्हणाले, नको. शेवटचा धागा तुटला तसा त्यांनी पट्टा आकडीसकट स्वतःच्या खिशात टाकला. दोरी पूर्ण उलगडून पुन्हा नीट गुंडाळली. रीळ बोटात घालून फिरवून पाहिलं आणि काकूच्या हातात दिलं. माझी तयारी होती की आता ते आपलं बावीस वर्षांचं वाक्य म्हणणार. त्यांनी ते म्हटलं नाही.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"बरं. मी इथेच आहे."

"तुम्ही कुठे जाणार," काकू म्हणाली, नळी तोंडात घातली, आणि मागच्या मागे पाण्यात पडली.

बुडबुडे लांब गेल्यावर काका माझ्याकडे वळले. पुढच्या टोकाला जाऊन बसायची त्यांची तयारी नव्हती. बोटीच्या मधोमध एक फळी होती, तिच्यावर ते बसले आणि मला शेजारी न बसवता आपल्या पाठीशी, उलट्या तोंडाने बसवलं.

"तू त्या बाजूला बघ," ते म्हणाले. "फुगा दिसो न दिसो, माणूस दिसला की सांग. मी या बाजूला बघतो."

चाळीस मिनिटं आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. त्यांनी मला एकदाही वेळ विचारली नाही.